पंडित सर नसते तर? विदर्भाच्या रणजी विजयाचं श्रेय मोजताना

"चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले आणि विदर्भाने रणजी जिंकली." हे वाक्य तुम्ही दहा वेळा ऐकलं असेल. यातल्या दोन्ही घटना खऱ्या आहेत. वाद आहे तो मधल्या 'आणि'चा. ऐकणारा तिथे 'म्हणून' ऐकतो, आणि सांगणाऱ्याचीही तीच इच्छा असते.

आधी घटना बघू. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतोय. इतक्या वर्षांत एकदाही फायनल नाही. 2017 मध्ये मुंबईने पंडितांना सोडलं, विदर्भाने घेतलं. त्याच हंगामात इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून पहिला करंडक आला. पुढच्या वर्षी नागपूरला सौराष्ट्राला हरवून दुसरा. आमच्या आलापल्लीहून जामठ्याचं स्टेडियम म्हणजे एसटीत अख्खा दिवस, पण तेव्हा इथल्या पानटपरीवरसुद्धा पंडितांचंच नाव होतं.

मी वनस्पतिशास्त्रातली. आमच्याकडे खत टाकलेला प्लॉट आणि न टाकलेला प्लॉट शेजारी शेजारी ठेवतात. दुसऱ्याला कंट्रोल म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. पंडित नसलेला 2017-18 चा विदर्भ आपल्याकडे नाही आणि कधीच मिळणार नाही. मग निदान हे तरी विचारायचं, की त्याच वेळी आणखी काय काय घडत होतं?

बरंच काही. वसीम जाफर 2015-16 पासून विदर्भाकडे होता. 2018-19 मध्ये त्याने हजाराच्या वर धावा केल्या. कर्नाटकातून आलेला गणेश सतीश आधीपासून होता. कॅप्टन फैझ फझल इथलाच, पहिल्या विजयाच्या हंगामात त्याच्या 912 धावा. 2014-15 आणि 2015-16 या दोन्ही हंगामांत संघ क्वार्टर फायनलपर्यंत गेला होता. जामठ्याचं मैदान 2008 चं, आणि व्हीसीएच्या अकादमीत मुलं कित्येक वर्षं घडत होती. म्हणजे पंडित आले तेव्हा पीक उभं होतं. आलापल्लीतल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. साग तोडणीला यायला साठ-सत्तर वर्षं सहज जातात. डेपोत लिलावाच्या दिवशी जो साहेब खुर्चीवर असतो, त्याने ते झाड लावलेलं नसतं. पण चांगला भाव आला की फोटो त्याचाच.

आता नशिबाचा भाग. 2017-18 ची सेमीफायनल, कोलकाता. कर्नाटकाला जिंकायला 198 हव्या होत्या, सगळे बाद झाले 192 वर. रजनीश गुरबानीने त्या डावात सात बळी घेतले. पाच धावांचा फरक! स्लिपमधून दोन चेंडू सीमेपार गेले असते तर फायनल नाही, करंडक नाही, आणि 'पंडित आले आणि' हे वाक्यही नाही. कोच तोच, मेहनत तीच. मग पाच धावांवर ज्याचं मूल्यमापन उलटंपालटं होतं, ते मूल्यमापन नक्की कशाचं?

अमेरिकेत हाच वाद बेसबॉलच्या जनरल मॅनेजरवरून होतो. हा माणूस मैदानात उतरत नाही. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, पैसा कुठे लावायचा, हे तो ठरवतो. ओकलंडचा बिली बीन 'मनीबॉल' या पुस्तकामुळे आणि पुढे सिनेमामुळे जगभर गाजला. 2002 मध्ये त्याच्या संघाने सलग वीस सामने जिंकले. पण त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला मिगेल तेहादा, तसेच एरिक चावेझ आणि टिम हडसन, हे तिघेही आधीच्या जनरल मॅनेजरच्या, सँडी ऑल्डरसनच्या काळात संघटनेत आले होते. पुस्तकाचा नायक मात्र बीन.

मग पंडितांना श्रेय द्यायचंच नाही का? तसं मी म्हणत नाहीये. उलट त्यांची केस अभ्यासाला फार चांगली आहे, कारण ते संघ बदलत राहिले. कोच म्हणून त्यांच्या नावावर सहा रणजी करंडक आहेत: मुंबईचे तीन, विदर्भाचे दोन, मध्य प्रदेशचा एक. सहाही पुरावे सारख्या वजनाचे नाहीत. मुंबईने त्यांच्या आधीही ढिगाने करंडक जिंकले होते, तिथून फारसं कळत नाही. मध्य प्रदेशचं वजन जास्त. 2021-22 ची फायनल, समोर मुंबई, आवेश खान आणि वेंकटेश अय्यर संघात नाहीत, आणि तरी राज्याचा पहिला करंडक. पहिला करंडक दोन वेगवेगळ्या संघांना, एकाच कोचच्या हाताखाली. हा निव्वळ योगायोग म्हणणं मला जड जातं. शिवाय अक्षय वाडकर बघा. विकेटकीपर, 2017-18 मध्येच प्रथम श्रेणीत आला आणि फायनलमध्ये शतक ठोकलं. त्याच्यावर विश्वास टाकणारा कोच स्वतः भारताचा विकेटकीपर होता. इथे मला कार्यकारणाचा वास येतो.

पण त्याच पद्धतीने पुढेही बघावं लागतं. आयपीएलमध्ये पंडित केकेआरचे तीन हंगाम कोच होते. संघ सातवा, मग विजेता, मग आठवा. मधल्या वर्षी गौतम गंभीर मेंटॉर होता आणि श्रेयाची सगळी गाडी त्याच्याकडे वळली. आणि विदर्भ? पंडित गेल्यावर 2023-24 मध्ये फायनल, 2024-25 मध्ये तिसरा करंडक, कोच उस्मान घनी, कॅप्टन तोच वाडकर. हर्ष दुबेने एका हंगामात 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. म्हणजे यंत्रणा त्यांच्याशिवायही चालते.

तुम्ही गाइड शोधायला निघालात की हेच गणित समोर येईल. "सरांकडून बारा जण पीएच.डी. झाले." बरं, रुजू किती झाले होते? मधेच सोडलेले कुठे आहेत? सरांनी घेतले तेच नेटमध्ये वरच्या नंबरचे होते का? सरांच्या आधी त्या लॅबमधून किती व्हायचे? यातलं काहीही विचारणं उद्धटपणा नाही. जुन्या सीनियरला चहाला न्या, तो सगळं सांगेल. तुमच्या आयुष्याची पाच वर्षं त्या उत्तरावर लागणार आहेत.

माझा हिशोब विचाराल तर विदर्भाच्या पहिल्या करंडकात मोठा वाटा अकादमीचा, खेळाडू निवडणाऱ्यांचा आणि जाफर-फझलचा. पंडितांचा वाटा त्याहून लहान, पण खरा: जे कदाचित तीन-चार वर्षांनी झालं असतं, ते त्यांनी लवकर घडवलं. मला अडतं ते 2019-20 वर. पंडित कोच, जाफर आणि फझल संघात, दोन करंडक पाठीशी, आणि विदर्भ बाद फेरीतसुद्धा पोहोचला नाही. हा माझा थीसिस असता तर मी त्या हंगामाच्या स्कोअरकार्डपासून सुरुवात केली असती.