‘पडद्यामुळे डोळे दुखतात’ : एका प्रयोगाची चिकित्सा

‘संगणक-दृष्टी-लक्षणसमूह’ ही संज्ञा साधनाचे नाव घेते, विकाराचे नव्हे. ‘मोबाइलमुळे डोळे दुखतात’ हे रूढ मराठी विधानही त्याच जातीचे होय. येथे ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययाने निमित्त आणि कारण यांतील भेद झाकला जातो. पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना पापण्यांची उघडझाप मिनिटाला सुमारे १५ वरून ५ ते ७ वर येते व डोळ्यांवरील अश्रूंचा थर सुकतो, हे खरे. तथापि तेवढ्याने विवेचन संपत नाही. चष्म्याचा चुकीचा नंबर, चाळिशी, जवळच्या बिंदूवर दोन्ही डोळे एकवटण्याची अक्षमता, थायरॉइडचा विकार, ॲलर्जीवरील काही औषधे, किंवा हेन्रिक श्यॉग्रेन यांनी १९३३ च्या प्रबंधात वर्णिलेली शुष्कतेची व्याधी, यांपैकी काहीही मुळाशी असू शकते. पडदा ते केवळ उघडे करतो. नील प्रकाश अडविणारी भिंगे हा उपायही याच गैरसमजातून रूढ झाला. अल्पकालीन वापरात त्यांनी डोळ्यांचा ताण बहुधा कमी होत नाही, असा २०२३ च्या कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्ष आहे. सदोष प्रयोगाने येथे केवळ अर्थहानी होत नाही, निदानही लांबते. ‘पडद्यामुळे’ऐवजी ‘पडद्यासमोर’ म्हटल्यास कारणाचा शोध तरी खुला राहील.