‘गर्द’ आणि सुई

डॉ. अनिल अवचट यांचें ‘गर्द’ वाचून व्यसनी मनुष्याविषयीं कणव उपजणार नाहीं, असा वाचक विरळाच. ह्याच विषयावरील त्यांच्या लेखांनीं पु. ल. देशपांडे हेलावले, आणि १९८६ सालीं पुण्यास ‘मुक्तांगण’ उभें राहिलें. लेखणीचें याहून मोठें यश कोणतें? परंतु भारतांत एच.आय.व्ही. प्रथम आढळला तोही १९८६ सालींच.

गर्दचा विळखा मुख्यतः धुराचा. सुईचा धोका निराळा. एकाची शीर टोंचतांना नळींत आलेलें रक्त दुसऱ्याच्या शिरेंत जातें. व्यसन सुटेपर्यंत रोग थांबत नाहीं. म्हणूनच एच.आय.व्ही. प्रतिबंधाच्या २०१७ च्या कायद्यानें, नोंदलेल्या योजनेंत जुनी सुई घेऊन नवी देणारा व ती घेणारा, दोघेही दंडास पात्र नाहींत असें ठरविलें.

आमच्या सोलापुरांतील सुजाण कुटुंबांसही हें व्यसनास उत्तेजन वाटण्याचा संभव आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. व्यसन सोडावयास मनुष्य आधीं जगला पाहिजे. ज्याचें व्यसन अद्याप सुटलें नाहीं, त्याच्याही जिवाचें मोल सांगणारें दुसरें ‘गर्द’ मराठीस हवें आहे.