अपुऱ्या सुरांची पूर्तता

गायक निवर्तल्यावर मागे राहिलेल्या त्याच्या आवाजाचे काय करावे, हा प्रश्न सहकाऱ्यांपुढे उभा राहतो तेव्हा तो संगीतापुरता उरत नाही. तो निष्ठेचाही होतो. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाने नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘मेड इन हेवन’ हा गीतसंग्रह आम्ही याच दृष्टीने ऐकला.

या वृंदाचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारोख बलसारा. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथील ‘द हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या वृंदात पियानो वाजवू लागला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, एड्सच्या आजारात त्याचे लंडनमध्ये निधन झाले. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधील मॉन्त्र येथे प्रकृती साथ देईल तेव्हा तो गात राहिला. उरलेले काम सहकाऱ्यांनी पुरे करावे, हीच त्याची इच्छा होती. ब्रायन मे, रॉजर टेलर व जॉन डीकन यांनी ती पाळली. मृताच्या नावाचा हा व्यापार होय, हा आक्षेप म्हणूनच आम्हांस मान्य नाही.

तरीही संग्रह सर्वत्र सारखा उतरलेला नाही. शीर्षकगीत व ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ही फ्रेडीच्या १९८५ च्या स्वतंत्र संग्रहातील गीते. त्यांतील गायन कायम ठेवून भोवतीचे वादन नव्याने रचले आहे. वादन दमदार आहे. परंतु जणू काही घडलेच नाही, असा भास त्यातून होतो आणि तोच खटकतो.

‘मदर लव्ह’ ऐकताना मात्र मन हेलावते. फ्रेडीचे हे अखेरचे ध्वनिमुद्रित गायन. शेवटचे कडवे नंतर गाईन, असे म्हणून तो गेला, तो परतलाच नाही. ते कडवे ब्रायन मे यांनी गायिले. त्यांचा आवाज मऊ व साधा. फ्रेडीची नक्कल ते करीत नाहीत. गायक बदलल्याचे तत्काळ कळते आणि सहकाऱ्यांचा शोक त्या बदलातच ऐकू येतो. ‘लेट मी लिव्ह’ मध्येही फ्रेडीपाठोपाठ टेलर व मे एकेक कडवे उचलतात.

हा अनुभव आपणांस परका नाही. वाशीम जिल्ह्यातील एखाद्या गावचे भजनी मंडळ असो वा आपल्या धर्मग्रामाचा गायकवृंद, जुना आवाज हरपला की पुढच्या वेळी कुणीतरी दबक्या सुरात सुरुवात करतो. गेलेल्याची उणीव सर्वांना जाणवते; तरी गाणे थांबत नाही.

आज हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. २०२४ मध्ये ए. आर. रेहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज, कुटुंबीयांच्या संमतीने, संगणकाच्या साहाय्याने पुन्हा घडविले. संमती आवश्यकच, पण जे गाणे त्या गायकाने कधी गायिलेच नाही, ते त्याचे म्हणावे काय? ‘मदर लव्ह’ मध्ये फ्रेडी जेथे थांबला, तेथे त्याला थांबू दिले आहे. दिवंगताचा याहून मोठा सन्मान आम्हांस दिसत नाही.