सुटी झालेली बोटे आणि मेंदूतील नकाशा

प्रौढ माणसाचा मेंदूही बदलू शकतो, हे सांगताना मोगिल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा दाखला दिला जातो. जन्मतः बोटे चिकटलेल्या दोन प्रौढांची त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर तपासणी केली. बोटाला स्पर्श केला की मेंदूतील चेतापेशींमधील विद्युतप्रवाहामुळे डोक्याबाहेर अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते मोजून कोणत्या बोटाची संवेदना मेंदूच्या पृष्ठभागावर कोठे पोचते, याचा नकाशा काढण्यात आला. शस्त्रक्रियेपूर्वी तो आक्रसलेला होता आणि त्यात बोटांचा क्रमही नीट नव्हता. बोटे सुटी केल्यावर काही आठवड्यांतच त्यांच्या जागा ३ ते ९ मिलिमीटर सरकल्या.

या निबंधाचे मोल मोठे आहे. असे बदल त्याआधी माकडांत दिसले होते; येथे ते माणसात दिसले, तेही त्याच व्यक्तीची आधीची व नंतरची स्थिती ताडून. मात्र त्यावरून ‘मेंदूने नवी जोडणी केली’ असा जो निष्कर्ष सांगितला जातो, तो आम्हाला घाईचा वाटतो. पहिली गोष्ट, हा नकाशा म्हणजे छायाचित्र नव्हे. क्षेत्र बाहेर मोजतात, त्याच्या उगमाची जागा गणिताने काढतात. आणि एकच क्षेत्र उगमांच्या निरनिराळ्या रचनांतून निर्माण होऊ शकते. दुसरी, व्यक्ती दोनच होत्या. तिसरी, बोटे सुटताच मेंदूकडे येणारे संदेशच बदलले. मग नवे चेतातंतू वाढले की पूर्वीच्याच दबलेल्या जोडण्या मोकळ्या झाल्या, हे नकाशावरून ठरत नाही.

२०२५ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आलेला अभ्यास याच्याशेजारी ठेवून वाचावा. हात कापावा लागलेल्या तीन प्रौढांच्या मेंदूच्या प्रतिमा त्यात आधी आणि नंतर घेतल्या होत्या. नसलेली बोटे हलवण्याचा प्रयत्न करताच हाताचा नकाशा जवळजवळ पूर्वीसारखाच दिसला. ओठांच्या भागाने ती जागा बळकावलेली नव्हती. यामुळे १९९३चे निरीक्षण खोटे ठरत नाही, कारण दोन्ही परिस्थिती वेगळ्या आहेत. पण मेंदूचा नकाशा सहज पुसता आणि नव्याने काढता येतो, असा सरसकट नियम मांडता येत नाही.

हा प्रश्न वर्गाच्याही जवळचा आहे. ‘सराव कर, मेंदू हवा तसा घडेल’ असे आपण मुलांना सांगतो. मग यश न आलेले मूल स्वतःलाच दोषी मानते. तेव्हा हा दाखला देताना शिक्षकांनी फळ्यावर दोन रकाने आखावेत, ‘काय मोजले’ आणि ‘काय अनुमान केले’, आणि निबंधातील प्रत्येक विधान कोणत्या रकान्यात बसते, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.