सावकाराविना मंदी : मराठी कथनपरंपरा आणि कोरमंगलाचा हप्ता

दुष्काळाचे आणि मंदीचे दुःख ‘हालअपेष्टा’ या एकाच सदराखाली घालण्याची सवय आपल्या समीक्षेला जडली आहे. वस्तुतः ही दोन दुःखे परस्परांहून अगदी भिन्न आहेत. दुष्काळात धान्य नसते. मंदीत धान्य असते, त्याला भाव नसतो. दुष्काळात विहीर आटते, जनावर मरते, गाव उठते. हे सारे डोळ्यांना दिसते आणि म्हणून लिहिता येते. मंदीत शेत उभे असते, दुकान भरलेले असते, घराची रंगसफेदीही शाबूत असते. बदललेला असतो तो एक आकडा. या न दिसणाऱ्या आकड्याचे मराठी कथनाने काय केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो विचारण्यास निमित्त आहे बंगळूरमधील कोरमंगला ही वसाहत. संगणक-उद्योगाच्या निमित्ताने तेथे जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांनी २००१, २००८-०९ आणि २०२२-२३ अशा नोकरकपातीच्या लाटा पाहिल्या. तेथील अनुभव वाचण्यासाठी आपल्या परंपरेकडे कोणती साधने आहेत, हे पाहताना मात्र आधी १९३०च्या दशकाकडे वळावे लागते.

१९२९च्या अखेरीस सुरू झालेल्या जागतिक महामंदीत हिंदुस्थानातील शेतमालाच्या किमती दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आल्या. खानदेश-वऱ्हाडचा कापूस उत्पादक परदेशी बाजाराशी बांधलेला असल्याने त्याला या घसरणीतून सुटका नव्हती. शेतसारा मात्र रोखीत ठरलेला होता आणि सावकाराचे खतही रुपयांतच लिहिलेले होते. शंभर रुपये फेडण्यासाठी पूर्वी जितका माल विकावा लागे, त्याच्या दुप्पट आता विकावा लागू लागला. येथे कोणी खोटे खत केले नव्हते, फसवून अंगठा घेतला नव्हता, व्याजही वाढवले नव्हते. सावकार सज्जन असता तरी कर्जाचा भार दुप्पटच झाला असता. मंदीचे हे मर्म आहे आणि नेमके तेच आपल्या कथनाच्या हातून निसटते.

या संदर्भात ‘सावकारी पाश’चे उदाहरण बोलके आहे. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली मूकपट काढला. त्यात तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. लोभी सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात येऊन गिरणीत मजूर होतो, हे त्याचे कथासूत्र. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळात या वास्तवदर्शनाचे मोल वादातीत आहे. १९३६ साली पेंटरांनी त्याच कथेचा बोलपट केला. मधल्या अकरा वर्षांत शेतमालाचा भाव कोसळला होता, रुपयाचा अर्थ बदलला होता. तरीही तीच कथा चालू शकली, तिचे कळसूत्र सावकाराच्या लोभातच राहू शकले. हा पेंटरांचा दोष म्हणता येणार नाही. सावकाराची ही प्रतिमा फार जुनी आणि एके काळी अगदी यथार्थ होती. १८७५ साली सुपे येथून पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी खते हिसकावून जाळली. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयाला खतामागील व्यवहार तपासण्याची मुभा दिली. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या नागवणुकीचा पंचनामा केला. ज्या काळी लबाडी हेच नागवणुकीचे हत्यार होते, त्या काळी खलपुरुष हाच तिचा खरा अर्थ होता. परंतु १९३०नंतर कायद्यालाही दुसरी दिशा धरावी लागली. मध्य प्रांतात १९३३ साली कर्ज-तडजोडीचा आणि मुंबई प्रांतात १९३९ साली शेतकरी ऋणमुक्ततेचा कायदा झाला. त्यांचा रोख लबाडी शोधण्यापेक्षा कर्जाचा आकडाच खाली आणण्यावर होता. कायदेमंडळाला जे उमगले, ते कथाकाराला उमगण्यास फार वेळ लागला, असे म्हणणे प्राप्त आहे.

घराच्या आतले उदाहरण याहूनही सूक्ष्म आहे. सप्टेंबर १९३१मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. रुपया पौंडाशी बांधलेलाच राहिला, सोन्याचा भाव चढला आणि पुढील काही वर्षे हिंदुस्थानातून सोन्याचा ओघ परदेशी वाहत राहिला. त्यातले बरेचसे सोने अडलेल्या घरांतून, स्त्रियांच्या अंगावरून उतरलेले होते. मराठी कथेत पाटल्या-बांगड्या मोडण्याचे प्रसंग काही थोडे नाहीत. पण तेथे दागिना जातो तो बहुधा नवऱ्याच्या व्यसनापायी, मुलीच्या हुंड्यापायी किंवा दुखण्यापायी. लंडनमधील एका निर्णयाचा आणि गावच्या सराफाच्या तराजूचा संबंध कथेला जुळवता येत नाही. मग कुटुंबातच कोणाला तरी दोषी ठरवावे लागते आणि नैतिक करुणकथा तयार होते. ती वाचनीय असते, एवढेच.

कारखानदारीच्या चित्रणात हीच अडचण वेगळ्या रूपाने येते. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ने (१९३३) कादंबरीचे लक्ष गिरणी कामगाराकडे वळवले, पुढच्याच वर्षी पगारकपातीच्या प्रश्नावर मुंबईत गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला. तेथे निदान मालक नावाचा प्रतिपक्ष होता. प्रतिपक्षाला रंगमंचाबाहेर ठेवून दुःख उभे करण्याचे धाडस दिसते ते जयंत पवार यांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७). १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपाची पार्श्वभूमी या नाटकाला आहे. संप म्हणजे मंदी नव्हे, हा भेद विसरून चालणार नाही. तथापि येथे मालक नाही, मोर्चा नाही. आहे ती चाळीतली एक खोली. लेखक होऊ पाहणारा एक मुलगा, क्रिकेटच्या नादातला दुसरा, टोळीकडे ओढला जाणारा तिसरा, बहीण आणि या सर्वांना धरून ठेवणारी आई. पैसा आटल्यावर माणसे एकमेकांशी बोलतात कशी, हेच येथे नाट्य होते. माझ्या मते मंदीच्या लेखनाचा मराठीतील सर्वांत जवळचा आदर्श हाच, जरी तो मंदीविषयी नसला तरी.

कोरमंगलात सावकाराची जागा गृहकर्जाच्या हप्त्याने घेतली आहे. पगार थांबला तरी हप्त्याचा आकडा तोच राहतो. १९३१च्या खताशी असलेले त्याचे साम्य उघड आहे. मात्र हप्त्याला चेहरा नाही. बँकेचा अधिकारी लोभी नसतो; काढून टाकणारा वरिष्ठ स्वतः पुढच्या यादीत असू शकतो. शिवाय येथे शेजाऱ्यालाही काही कळत नाही. मोटार खालीच उभी असते, गणपतीची वर्गणी दिली जाते आणि नोकरी गेलेला गृहस्थ वेळेवर घराबाहेर पडतो. अशा अदृश्य धास्तीचे कथन याच शहरातील कन्नड लेखक विवेक शानभाग यांनी ‘घाचर घोचर’मध्ये (२०१३) साधले आहे. चहापूड विकणाऱ्या वडिलांच्या पगारावर चालणारे घर, स्वयंपाकघरातल्या मुंग्यांशी चाललेली रोजची लढाई आणि पुढे व्यवसायातून आलेला पैसा. तेथे कथा समृद्धीची आहे. पण घरातील प्रत्येक वाक्यावर पैशाचे वजन कसे पडते, हे कोणालाही खलपुरुष न करता दाखवले आहे. हे तंत्र मराठीला परके नाही. आपण ते चाळीपुरते वापरून ठेवून दिले.

कोरमंगलावर उद्या मराठीत कोणी लिहिलेच, तर आणखी एक अडचण भेडसावेल. तेथील सदनिकांतून धुणीभांडी-स्वयंपाक करणाऱ्या बायका लगतच्या राजेंद्रनगर-ईजीपुऱ्याच्या वस्त्यांतून येतात. घरातल्या माणसाची नोकरी जाते, तेव्हा पहिली काटकसर यांच्या कामावर येते आणि तीही बहुधा आदल्या दिवशी सांगून. म्हणजे मंदी सर्वांत आधी पोहोचते ती जिच्या नावावर कोणताही हप्ता नाही तिच्यापर्यंत. या बाईची भाषा तमिळ किंवा कन्नड. मालकिणीशी तिचे बोलणे मोडक्या कन्नडात, हिंदीत, बरेचसे खुणांनी. ‘उद्यापासून येऊ नकोस’ हे वाक्य त्या घरात कोणत्या भाषेत उच्चारले जाते आणि मराठी संवादलेखनाने ते कसे लिहावे, याचा नमुना आपल्यापाशी अद्याप तयार नाही.