नाकारलेल्या वस्तूंची नगरी : नेकचंद यांचे रॉक गार्डन आणि 'स्वयंशिक्षित' ही संज्ञा

कलाशिक्षणाची परंपरा बाजूस ठेवून ज्यांनी आपल्या कल्पनेतील सृष्टी स्वहस्ते उभारली, अशा कलावंतांची चर्चा बहुधा दोन संज्ञांभोवती फिरते. ज्याँ द्युब्युफे यांनी १९४५ मध्ये 'आर ब्रूत' ही संज्ञा योजिली; रॉजर कार्डिनल यांनी १९७२ मध्ये तिला 'आउटसायडर आर्ट' हा पर्याय दिला. ह्या संज्ञांनी उपेक्षित निर्मितीस प्रतिष्ठा मिळवून दिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु दोहोंतही कलावंताची ओळख त्याच्यापाशी काय नाही, ह्यावरून ठरते. ही दृष्टी समीक्षेस कितपत उपकारक आहे, हे चंडीगढच्या रॉक गार्डनच्या आधारे तपासण्याचा येथे हेतू आहे.

नेकचंद (१९२४–२०१५) फाळणीनंतर आपले गाव सोडून भारतात आले व चंडीगढ येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक झाले. ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यानुसार नवी राजधानी उभी राहत असताना जुनी खेडी पाडली जात होती. त्या पाडापाडीतील राडारोडा, नदीतील गोटे, फुटकी चिनी भांडी, बांगड्यांचे तुकडे हे सारे जमवून, बांधकामास मनाई असलेल्या सरकारी वनभूमीत, त्यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुप्तपणे रचना आरंभिली. पुढे अधिकाऱ्यांस तिचा पत्ता लागला. तथापि ती पाडली गेली नाही, आणि १९७६ मध्ये लोकांस खुली झाली.

'स्वप्नाने झपाटलेला साधा माणूस' ही ह्या निर्मितीची रूढ उपपत्ती होय. ती अपुरी आहे. सिमेंटचे प्रमाण, पाण्याचा उतार, कोणता टाकाऊ माल कोठे मिळेल ह्याची माहिती, हे रस्ते-निरीक्षकाच्या व्यवसायाचे ज्ञान आहे. नेकचंद शिल्पकार म्हणून स्वयंशिक्षित होते. बांधणारे म्हणून ते अशिक्षित नव्हते. लॉस एंजेलिसमधील वॉट्स टॉवर्सची साक्षही हीच आहे. सायमन रोडिया ह्या बांधकाम-कामगाराने १९२१ ते १९५४ ह्या काळात ते मनोरे एकट्याने उभारले. नगरपालिकेने ते धोकादायक ठरविले; परंतु १९५९ मध्ये १०,००० पौंडांचा ताण देऊनही ते ढळले नाहीत.

आता गुणदोषांकडे वळू. रॉक गार्डनमधील एकेकटी मूर्ती पाहिली, तर तिची घडण ठोकळेबाज वाटते. सामर्थ्य आहे ते पुनरावृत्तीत. जवळजवळ एकाच चेहऱ्याच्या आकृती ओळीने उभ्या राहतात, तेव्हा व्यक्ती लोपून समुदाय प्रकटतो. अरुंद वाटा व ठेंगणी दारे प्रेक्षकास वाकावयास लावतात आणि पुढील अंगण अनपेक्षितपणे उघडते. उलट, सरकारी आश्रय व पगारी मजूर लाभल्यानंतरच्या भव्य कमानी आणि धबधबे ह्यांत विस्तार आहे, पण ती दाटी नाही; तेथे प्रेक्षक आत शिरत नाही, केवळ पाहतो. कलावंतास 'बहिःस्थ' मानून कौतुकच करीत राहिल्यास हा भेद सांगताच येत नाही. ते कौतुक म्हणजे एका अर्थी अवहेलनाच होय.

ह्या प्रश्नास व्यावहारिक बाजूही आहे. २०२५ मध्ये रस्ता व वाहनतळाच्या सोयीसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. मूर्ती म्हणजेच कृती, असे मानणाऱ्यास भिंत हे केवळ कुंपण वाटेल. परंतु येथे वाट, भिंत व उतार ही कृतीचीच अंगे आहेत. म्हणून अशा निर्मितींच्या अभ्यासकाने चरित्रकथेपूर्वी साहित्य, बांधणीची रीत व रचनेचा क्रम ह्यांची नोंद करावी. काय गमावले, हे त्या नोंदीवाचून सांगता यावयाचे नाही.