गोंधळ्याच्या पोराला कला कोण शिकवणार?

'वंचित मुलांपर्यंत कला पोहोचवणे' हा शब्दप्रयोग आता अहवालांत आणि भाषणांत इतका रुळला आहे की, त्यातल्या 'पोहोचवणे' या क्रियापदाशी कुणी थांबत नाही. एका ठिकाणी आहे ते दुसऱ्या ठिकाणी नाही, असं त्यात धरून चाललेलं असतं. धाराशिव जिल्ह्यात मला हे पटत नाही. तुळजाभवानीच्या या मुलखात कदमराई गोंधळी आहेत, आराधी आहेत, पोतराज आहेत. या घरांतली मुलं शाळेच्या हजेरीपटावर 'वंचित' या सदरात येतात खरी, पण कलेच्या बाबतीत ती रिकाम्या हातांनी आलेली नसतात.

गोंधळ्याचं पोर कसं शिकतं ते पाहण्यासारखं आहे. आधी हातात दिवटी येते किंवा तुणतुणं, आणि मागे उभं राहून झील धरायची. बापाच्या कमरेला संबळ. त्यातला एक नाद उंच, एक खर्जातला. तो ठेका पोराच्या कानात वाजवण्याआधी कित्येक वर्षं मुरतो. चौक मांडला की देवतांना आवाहन, मग आख्यान. नायक कथा सांगतो, मध्येच सोंग घेतो, झीलकरी त्याला अडवून प्रश्न विचारतो आणि कथा पुढे सरकते. पाठांतर, ताल, आवाजाची फेक, समोरच्या माणसाचा अंदाज हे सगळं एका रात्रीत. बालनाट्य शिबिरात आठ दिवसांत आपण यातलं किती देतो?

मराठी लेखनाने या पोराकडे कसं पाहिलं? त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' (१९१५) हे आपल्याकडचं थोर पुस्तक. पण फिरस्त्यांवर लिहिताना आत्र्यांची लेखणी महसूल अधिकाऱ्याची होते. गात, नाचत, खेळ करत येणारा माणूस त्यांना कुणब्याच्या खळ्यावरचा भार दिसतो. पुढे १९५९ साली मुंबई राज्यात भीक प्रतिबंधक कायदा झाला, तोच महाराष्ट्राकडे आला. त्यातली भिकेची व्याख्या अभ्यासकांनी एकदा वाचावी. गाणं, नाच, भविष्यकथन, खेळ करून दाखवणं यांच्या मिषाने सार्वजनिक जागी भिक्षा घेणं हीसुद्धा भीकच. 'मिष' या एका शब्दात सारी लोकरंगभूमी बसवली आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला उठला, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आत्र्यांची भाषा आणि कायद्याची भाषा मला एकाच कुळातल्या वाटतात. स्नेहसंमेलनात तेच पोर तेच पद म्हणतं तेव्हा मात्र आपण त्याला 'सुप्त कलागुण' म्हणतो.

प्रभाकर मांडे यांनी 'गावगाड्याबाहेर' लिहून ही नजर पालटली, हे मराठवाड्याने विसरू नये. तरी आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासात विधी, वाद्यं, पदं यांची वर्णनं भरपूर आणि शिकणाऱ्या पोराबद्दलची पानं थोडी, ही तक्रार माझ्याकडे उरतेच.

इथे 'मग परंपराच जतन करा' म्हणणारे पुढे सरसावतात. त्यांना मी किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) पुन्हा वाचायला सांगेन. शांताबाईंना शिकायचं होतं. घरच्या कमाईसाठी त्यांना नाचायला उभं केलं गेलं. त्या पुस्तकात लावणी आहे, घुंगरू आहेत, आणि त्यांच्याबरोबर सौदाही आहे. मुलाने आईचं नाव आपल्या नावात घेतलं, पण वाट धरली वैद्यकीय शिक्षणाची. या आत्मकथनाला केवळ वेदनेचा दस्तऐवज म्हणणाऱ्या समीक्षेने त्यातला अवघड प्रश्न टाळला असं माझं मत आहे. वारशाने आलेली कला पोराला नाकारता येते का? पोतराजाच्या पोराला आसूड हवा की नको, हे कुणी विचारतं का? देवीला वाहिलेल्या जटांना 'लोककला' म्हणून टाळ्या वाजवणं सोपं आहे.

तुळजापूर तालुक्यात १९९३ या एका वर्षाशी दोन प्रयोग जोडलेले आहेत. यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. गिरीश प्रभुणे यांचं नाव तिच्याशी कायमचं निगडित आहे. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं झोपेत गाडली. त्यातल्या निराधार मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभं केलं. एका कामामागे संघाचा विचार, दुसऱ्यामागे समाजवाद्यांचा. दोघांच्या वाटा कधी न मिळणाऱ्या, पण समूहगीतावर जीव दोघांचाही. एका सुरात शंभर मुलं गातात तेव्हा त्यातलं एक पोर कुठला सूर घेऊन आलं होतं हे ऐकू येत नाही, ही माझी अडचण दोन्ही परंपरांशी आहे.

मात्र सेवा दलाच्या कलापथकाचा इतिहास एक दाखला देऊन जातो. निळू फुले, राम नगरकर ही माणसं त्यातून घडली. वग, बतावणी, हजरजबाबीपणा ही तमाशाची हत्यारं त्यांनी तालमीत कमावली, जन्माने नव्हे. याचा अर्थ, जातीने ज्याला त्याला वाटून दिलेली कला शिकवूनही येते. मग ती शाळेत का शिकवू नये, आणि गोंधळ्यानेच का शिकवू नये, मानधन घेऊन? त्याच्या शेजारी पारध्याचं पोर बसेल, मराठ्याचं बसेल, दिवटी नको म्हणणारं गोंधळ्याचं पोर चित्रकलेच्या तासाला जाईल.

कायद्यात यासाठी फट आहे, पण अरुंद. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. वस्तीवरच्या, तांड्यावरच्या लहान शाळा तिथेच गळतात. वर निवड होते ती प्रमाणपत्रावर, आणि संबळाचं प्रमाणपत्र कोण देणार? दहावीला शास्त्रीय कला, चित्रकला यांच्याबरोबर लोककलेसाठीही वाढीव गुण मिळू लागले, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यासाठी दाखला लागतो मान्यताप्राप्त संस्थेचा. बापामागे उभं राहून, लग्नसराईतल्या रात्री जागून ज्याने झील धरली, त्या पोराचा बाप म्हणजे संस्था नव्हे.